उत्तरच आलं नाही तर? दुकानातली स्क्रिप्ट अडकू नये म्हणून टाइमआउट कसा लावायचा

व्हिडिओत वेळेअभावी जे भरभर सांगावं लागलं, ते आज इथे निवांत लिहितोय. विषय थोडा तांत्रिक आहे, पण प्रोग्रामिंग येत नसलं तरी काही अडत नाही. कारण यातला अर्धा निर्णय प्रोग्रामरचा नसून दुकानदाराचा आहे.

हल्ली छोट्या दुकानातही एखाददुसरी स्क्रिप्ट असतेच. वेबसाइटवरच्या नव्या ऑर्डर दर पाच मिनिटांनी आणणारी, बिल थर्मल प्रिंटरला पाठवणारी, वजनकाट्यावरचा आकडा थेट बिलात घेणारी किंवा पेमेंट आलं का ते विचारणारी. कुणाच्या भाच्याने लिहिलेली असते, कुणी फ्रीलान्सरकडून करून घेतलेली असते, आणि आता तर एआयला सांगून अर्ध्या तासात तयार होते. पहिले पंधरा दिवस मस्त चालते. मग एका संध्याकाळी, ऐन गर्दीत, थांबते.

थांबते म्हणजे कशी? एरर येत नाही. प्रोग्राम बंदही पडत नाही. नुसता उभा राहतो. एरर आली असती तर लगेच कळलं असतं आणि तुम्ही हाताने काम सुरू केलं असतं. इथे काहीच कळत नाही. ऑर्डर आणणारी स्क्रिप्ट दुपारी तीनला अडकली, तर रात्री नऊपर्यंत एकही नवी ऑर्डर दिसत नाही आणि तुम्ही म्हणता, "आज मार्केट थंडच आहे बुवा." तिकडे गिऱ्हाइकांनी पैसे भरून ठेवलेले असतात!

नेमकं अडकतं कुठे?

दोन मशीन नेटवर्कवरून बोलतात तेव्हा दोघांच्या मध्ये एक जोडणी होते. त्या जोडणीच्या आपल्याकडच्या टोकाला सॉकेट म्हणतात. फोनच्या रिसीव्हरसारखं समजा. स्क्रिप्ट त्यात काहीतरी बोलते, म्हणजे पाठवते, आणि मग कान लावून उत्तराची वाट बघते. या वाट बघण्याला सॉकेटवरून 'रीड' करणं म्हणतात. स्क्रिप्ट हमखास अडकते ती इथे.

आता फोनमध्ये आणि यात एक मोठा फरक आहे. समोरच्याने नीट निरोप घेऊन फोन ठेवला, तर सॉकेटलाही ते कळतं. रीडमध्ये रिकामं उत्तर हातात येतं, म्हणजे "बोलणं संपलं." पण समोरची लाइट गेली, मधला राउटर बंद पडला किंवा रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, तर निरोप द्यायला कुणी उरतच नाही. टीसीपी जोडणीवर बोलणं चालू नसताना आपणहून काहीच येत-जात नाही. त्यामुळे समोरचा विचार करतोय म्हणून गप्प आहे की गायबच झालाय, हे नुसतं ऐकत बसलेल्या स्क्रिप्टला कळायला मार्गच नसतो.

आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण घ्या. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली. काउंटरचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे, तो चालूच राहिला. राउटर मात्र साध्या बोर्डावर आहे, तो बंद झाला आणि लाइट आल्यावर पुन्हा सुरू झाला. "माझ्याकडच्या अमुक कॉम्प्युटरचं तमुक सर्व्हरशी बोलणं चालू आहे" ही त्याची नोंदवही कोरी झाली. सर्व्हरने आता उत्तर पाठवलं तरी ते कुणाला द्यायचं हे राउटरला माहीत नाही. तो ते टाकून देतो. आणि इकडे आपली स्क्रिप्ट कान लावून बसलेलीच!

म्हणून पहिला उपाय तर फुकटातला आहे: राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. पण तेवढ्याने भागत नाही, कारण पलीकडचा सर्व्हर आणि मधली केबल आपल्या हातात नाही. माउलींची पालखी आळंदीहून दिघी, विश्रांतवाडीमार्गे पुण्यात येते त्या दिवशी आळंदी रोडवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दुकान चालवून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते.

"पण त्यात आपोआप काहीतरी मर्यादा असेलच ना?"

हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर ऐकून धक्का बसेल.

पायथनमध्ये साधं सॉकेट उघडलं तर रीडला काहीच मर्यादा नसते. अनंतकाळ थांबतं. पायथनमध्येच वेबसाइटवरून माहिती आणायला 'रिक्वेस्ट्स' नावाची लायब्ररी सर्रास वापरतात. तुम्ही आकडा दिला नाही तर तीसुद्धा स्वतःहून टाइमआउट लावत नाही. 'कर्ल' हा प्रोग्राम जोडणी व्हायला पाच मिनिटं थांबतो, पण जोडणी झाल्यावर पूर्ण कामाला मर्यादा नाही. पीएचपीमध्ये मूळ सेटिंग ६० सेकंदांचं असतं, म्हणजे काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना पूर्ण एक मिनिट.

काही जण सांगतात, "कीप-अलाइव्ह चालू कर, झालं काम." कीप-अलाइव्ह म्हणजे मधूनमधून "आहेस का रे?" असं विचारत राहणं. एक तर सॉकेटवर ते मुळात बंद असतं. चालू केलं तरी लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये पहिला प्रश्न ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी विचारला जातो. मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारून उत्तर नाही आलं, तर जोडणी मेली असं ठरतं. एकूण दोन तास अकरा मिनिटं. तोवर संध्याकाळचा धंदा संपलेला असतो.

म्हणजे मर्यादा आपल्यालाच लावायची आहे.

तीन घड्याळं लावा

"टाइमआउट लाव" एवढंच सांगू नका. तीन वेगवेगळी घड्याळं असतात.

पहिलं, जोडणीचं. समोरच्याने फोन उचलायला किती वेळ द्यायचा? दुकानातल्याच प्रिंटरला २ सेकंद पुष्कळ झाले. बाहेरच्या सर्व्हरला ५ सेकंद.

दुसरं, रीडचं. एकदा कान लावल्यावर किती वेळ शांतता सहन करायची? पायथनच्या सॉकेटवर 'सेटटाइमआउट' हे फंक्शन सेकंदांचा आकडा घेतं. तेवढ्या वेळात काहीच आलं नाही तर स्क्रिप्ट अडकण्याऐवजी टाइमआउटची एरर देते. ती एरर पकडून पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवता.

तिसरं, पूर्ण कामाचं. हे बहुतेक जण विसरतात. रीडचं घड्याळ दर वेळी काहीतरी आलं की पुन्हा शून्यापासून सुरू होतं. समजा तुम्ही १० सेकंदांची मर्यादा लावली आणि समोरचा सर्व्हर रखडत रखडत दर ९ सेकंदांनी एकच अक्षर पाठवतोय. शंभर अक्षरांच्या उत्तराला १५ मिनिटं लागतील, आणि एकदाही टाइमआउट होणार नाही! 'रिक्वेस्ट्स'मधला टाइमआउटसुद्धा असाच चालतो, तो पूर्ण कामाचा नसतो.

यावरचा उपाय सोपा आहे. काम सुरू करताना शेवटची वेळ ठरवायची, "आत्तापासून १५ सेकंद." मग प्रत्येक रीडच्या आधी उरलेला वेळ काढायचा आणि तेवढाच टाइमआउट लावायचा. उरलेला वेळ शून्य झाला की काम बंद. हा हिशोब भिंतीवरच्या घड्याळासारख्या तारीख-वेळेवर करू नये, कारण कॉम्प्युटर मधेच इंटरनेटवरून आपली वेळ दुरुस्त करतो आणि गणित चुकतं. पायथनमध्ये यासाठी 'मोनोटॉनिक' नावाचं, कधीच मागे न जाणारं घड्याळ आहे. ते वापरायला सांगा.

नेटवर्क चांगलं असूनही अडकतं, ते का?

कधी कधी लाइन उत्तम असते आणि तरी स्क्रिप्ट थांबते. कारण दोघं एकमेकांची वाट बघत असतात. "पहिले आप, पहिले आप" म्हणत गाडी चुकते ना, तसं.

वजनकाट्याचं बघा. काही काटे आपणहून सतत आकडा पाठवत राहतात, काही विचारल्यावरच पाठवतात. विचारल्यावर पाठवणाऱ्या काट्याला स्क्रिप्टने विचारलंच नाही, तर दोघंही गप्प. किंवा स्क्रिप्ट म्हणते "ओळ संपल्याची खूण आली की मी वाचन थांबवीन", आणि काटा पाठवतो वेगळीच खूण. आकडा येऊन पडलेला असतो, तरी स्क्रिप्ट अजून वाट बघतेय. किंवा स्क्रिप्टला २० अक्षरं हवीत आणि काटा १६ च पाठवतो.

वेबसाइटच्या बाबतीतही तेच. स्क्रिप्ट "सर्व्हरने जोडणी बंद केली की उत्तर संपलं" असं समजते, आणि सर्व्हर पुढच्या प्रश्नासाठी जोडणी मुद्दाम उघडी ठेवतो. म्हणून निरोप संपला हे कसं ओळखायचं, हे आधी मशीनच्या माहितीपुस्तिकेतून नक्की करून घ्या. टाइमआउट लावल्याने अडकणं थांबेल, पण दर वेळी टाइमआउटच होत असेल तर दुखणं इथे आहे.

उलटीही चूक होते. रिकामं उत्तर, म्हणजे समोरच्याने जोडणी बंद केल्याची खूण, आलेलं असतं. पण स्क्रिप्ट त्याकडे दुर्लक्ष करून पुन्हा पुन्हा वाचत राहते. बाहेरून बघणाऱ्याला हेही अडकल्यासारखंच दिसतं, फक्त कॉम्प्युटरचा पंखा जोरात फिरतो. रिकामं उत्तर आलं की वाचन संपवायचं, हे लक्षात ठेवा.

टाइमआउट झाला. पुढे काय?

मित्रांनो, पैसे वाचतात किंवा बुडतात ते या पायरीवर. टाइमआउट झाला याचा अर्थ "उत्तर आलं नाही" एवढाच. "काम झालं नाही" असा त्याचा अर्थ होत नाही. तुमची विनंती पोचली असेल, समोर काम पूर्णही झालं असेल, आणि फक्त "झालं" हा निरोप वाटेत हरवला असेल.

म्हणून कामाचे दोन प्रकार करा. एक, नुसतं विचारण्याचं काम: स्टॉक किती, वजन किती, नवी ऑर्डर आली का. हे पुन्हा विचारलं तरी नुकसान नाही. दुसरा, काहीतरी बदलणारं काम: पैसे घेणं, ऑर्डर नोंदवणं, बिल छापणं. हे आंधळेपणाने पुन्हा करू नका. पुन्हा केलं तर गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले जातील. आणि "झालं असेल" असं धरून पुढे गेलात, तर माल फुकट जाईल. अशा वेळी स्क्रिप्टमध्ये 'झालं' आणि 'नाही झालं' या दोन खान्यांबरोबर तिसरा खाना हवा: 'माहीत नाही, तपासा.' प्रत्येक ऑर्डरला आपला वेगळा क्रमांक द्या आणि पुन्हा विचारताना तोच क्रमांक वापरा, म्हणजे ही जुनीच ऑर्डर आहे हे समोरच्या सिस्टिमला ओळखता येईल.

हे किती मोठ्या पातळीवर खरं आहे त्याचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या अनुभवातलं आहे. १२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. त्या दिवशी देशभर यूपीआय अडखळलं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नंतर कारण शोधलं, तेव्हा काही बँकांकडून "या व्यवहाराचं काय झालं?" अशा चौकशीच्या विनंत्यांचा पूर आल्याचं पुढे आलं. म्हणजे उत्तर येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा विचारायचं, आणि त्या विचारण्याच्या ओझ्यानेच सिस्टिम आणखी दबायची.

मग एनपीसीआयने दोन गोष्टी केल्या. १६ जून २०२५ पासून उत्तराच्या मर्यादा कमी केल्या: पेमेंटच्या विनंतीला ३० ऐवजी १५ सेकंद, व्यवहाराची स्थिती विचारण्याला ३० ऐवजी १० सेकंद. आणि १ ऑगस्ट २०२५ पासून अडकलेल्या व्यवहाराची स्थिती फक्त ३ वेळा, आणि दर वेळी ९० सेकंदांचं अंतर ठेवूनच, विचारता येईल असा नियम आला. ठरलेली मर्यादा, मोजके प्रयत्न, मध्ये अंतर. तुमच्या छोट्या स्क्रिप्टलाही हेच तीन नियम लागू आहेत. दर सेकंदाला पुन्हा प्रयत्न करणारी स्क्रिप्ट लिहू नका. २ सेकंद, मग ५, मग १५ असं अंतर वाढवत न्या आणि तीन प्रयत्नांनंतर माणसाला हाक मारा.

आणखी एक महत्त्वाचं. टाइमआउट झाल्यावर ते सॉकेट बंद करा आणि पुढच्या कामाला नवीन उघडा. जुनंच वापरलं तर काय होतं? पहिल्या गिऱ्हाइकाच्या वजनाचं उत्तर उशिराने येतं, आणि स्क्रिप्ट ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचं समजून बिलात टाकते. पाव किलो काजूच्या जागी दोन किलो तांदळाचं वजन! अशी चूक हिशोबात सापडायला महिना जातो.

बाहेरून एक राखणदार ठेवा

सॉकेटचा टाइमआउट सगळं पकडत नाही. उदाहरणार्थ, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचं काम सॉकेट उघडायच्या आधी होतं. पायथनमध्ये त्या शोधाला तुमची सॉकेटची मर्यादा लागू होत नाही. म्हणून स्क्रिप्टच्या बाहेरही एक मर्यादा हवी.

विंडोजच्या टास्क शेड्युलरवर स्क्रिप्ट लावली असेल तर तिथे दोन सेटिंग बघा. 'इतक्या वेळापेक्षा जास्त चालली तर बंद करा' या जागी मुळात ३ दिवस असतात. ते तुमच्या कामाप्रमाणे ५ किंवा १० मिनिटं करा. दुसरं, आधीची फेरी चालू असेल तर नवी सुरू करू नये, असं मूळ सेटिंग असतं. ते चांगलंच आहे, पण आधीची फेरी अडकली असेल तर पुढच्या सगळ्या फेऱ्या गुपचूप वगळल्या जातात. दुपारी तीननंतर ऑर्डर दिसेनाशा होतात त्या अशा. लिनक्सवर क्रॉन उलटं वागतो, तो दर वेळी नवी फेरी सुरू करतो आणि अडकलेल्या फेऱ्यांचा ढीग साचतो. तिथे 'टाइमआउट' नावाचीच कमांड स्क्रिप्टच्या आधी लावतात.

सेकंद किती, हे तुम्ही ठरवा

गिऱ्हाईक समोर उभं असताना तुम्ही किती वेळ कळ काढू शकता, हे प्रोग्रामरला कसं कळणार? माझा सल्ला असा: एक आठवडाभर प्रत्येक उत्तराला किती वेळ लागला ते स्क्रिप्टला एका फाइलमध्ये लिहायला लावा. नेहमीच्या दिवसातलं सगळ्यात सावकाश उत्तर बघा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट मर्यादा ठेवा. सुरुवातीला हे आकडे धरून चाला:

- वजनकाटा: १ ते २ सेकंद. नाही आलं तर वजन हाताने टाकायची जागा दिसावी.
- बिल प्रिंटर: ३ सेकंद. पुन्हा छापलं तर 'दुसरी प्रत' असं यावं.
- वेबसाइटच्या ऑर्डर: एका रीडला १० सेकंद, पूर्ण कामाला ३०.
- रात्रीचा बॅकअप: एका रीडला ६० सेकंद, पूर्ण कामाला अर्धा तास. तिथे घाई नाही.

खूप कमी ठेवलात तर चांगलं चाललेलं काम उगाच तुटेल. खूप जास्त ठेवलात तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल.

पैसे देण्याआधी ही परीक्षा घ्या

स्क्रिप्ट करून देणाऱ्याला "चालते ना?" एवढंच विचारू नका. समोर बसवून हे करून बघा:

१. स्क्रिप्ट चालू असताना राउटरमध्ये येणारी बाहेरची केबल काढा. कॉम्प्युटरची नको, कारण ती काढली तर लाइन गेल्याचं कॉम्प्युटरला लगेच कळतं आणि परीक्षा सोपी होते.
२. बिल पाठवताना प्रिंटरचं बटण बंद करा.
३. फोन उचलेल पण बोलणार नाही असा खोटा सर्व्हर उभा करायला सांगा. 'नेटकॅट' नावाच्या प्रोग्रामने हे दोन मिनिटांत होतं.
४. प्रत्येक वेळी घड्याळ लावून बघा: ठरलेल्या सेकंदात मराठीत, स्टाफला समजेल असा निरोप स्क्रीनवर आला का? "सर्व्हरकडून उत्तर नाही, पेमेंट ॲपमध्ये तपासा" असा.
५. लाइन परत जोडल्यावर स्क्रिप्ट आपली आपण रुळावर आली का, की कॉम्प्युटर बंद-चालू करावा लागला?

एआयकडून स्क्रिप्ट लिहून घेत असाल तरी हाच कागद त्याला द्या: तीन घड्याळं, तीन प्रयत्न, मध्ये अंतर, टाइमआउटनंतर नवं सॉकेट, आणि 'माहीत नाही' हा तिसरा खाना. आणि परीक्षा मात्र स्वतः घ्या.

आज रात्री दुकान वाढवायच्या आधी पाच मिनिटं काढा, राउटरची केबल काढा आणि तुमची स्क्रिप्ट काय करते ते बघा. गर्दीच्या वेळी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. भेटूया पुढच्या व्हिडिओत.